निदान म्हणजे सावकाश

“निदान… निदान…”

अक्का ट्रॅक्टरवर बसली की तिच्या तोंडून हा एकच शब्द निघत राहायचा. मागे साखळीला अडकवलेला ओंडका, पुढे ढेकळांचं रान आणि मध्ये ती. डोळे अर्धे मिटल्यासारखे, ओठ हलताहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली. निदान काय? निदान बांधापर्यंत तरी जाऊ दे? निदान आज तरी चाक रुतू देऊ नकोस? वाक्य पुरं झालंच नाही. ओंडका मात्र बांधापर्यंत पोचला.

कन्नडमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘सावकाश’ होतो, हे मला दोन महिन्यांनी कळलं. खरा शब्द ‘निधान’. अक्काच्या तोंडी त्याचा ‘निदान’ झाला होता. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेला लागून. सासर वळसंगच्या शिवारातलं. माणसांशी ती मराठीत बोलायची आणि ट्रॅक्टरशी कन्नडमध्ये, असा माझा बरेच दिवस समज होता.

मी तेव्हा सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सॉ मिलमध्ये होतो. माझं काम लाकूड मोजायचं. कुठे कडुनिंब पडला, कुठे वठलेली चिंच तोडली, की मालक मला मोटारसायकलवर पाठवायचे. जागेवर जाऊन मी ओंडक्याचा घेर आणि लांबी टेपने घ्यायची, वहीत लिहायची, लाकडावर गेरूने आकडा टाकायचा. पुढचं काम ओंडका रस्त्यापर्यंत ओढून आणणाऱ्याचं. मोठा ट्रॅक्टर डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या ओळींतून जात नाही, बांध फोडतो. अशा ठिकाणी अक्काला बोलवायचे.

तिचा ट्रॅक्टर लहान होता, बागेत फवारणीला वापरतात तसला. घरची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, झाडं उपटून टाकली, ट्रॅक्टर तेवढा दारात राहिला. नवरा म्हणाला, विकू. ती म्हणाली, आधी चालवून तर बघू. हे तिनेच मला सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, “त्येंनी बी काय केलं न्हाय, आन मी बी काय इचारलं न्हाय. किल्ली खुंटीला हुती की.”

त्या ट्रॅक्टरचं ध्यान तुम्ही पाहायला हवं होतं. पुढच्या बाजूला, दिव्यांच्या खाली, तिने घरातला जुना दगडी पाटा तारेने आवळून बांधला होता. ओंडका ओढताना ट्रॅक्टरने तोंड उचलू नये म्हणून वजन. रस्त्यावरची माणसं विचारायची, “काय अक्का, शेंगाची चटणी वाटत चाललाय का?” ती चेहरा न हलवता म्हणायची, “व्हय. भाकरी घिऊन या.”

आमची पहिली भेट काही बरी झाली नाही. एका बागायतदाराच्या बांधावरचा कडुनिंब वादळात पडला होता. फांद्या तोडून झाल्या होत्या, खोड तेवढं उरलं होतं. मला दुपारी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. अक्का आली, ट्रॅक्टर बंद केला, खोडाभोवती एक फेरी मारली, तळवा ठेवून दोनदा थोपटलं आणि त्या खोडावरच बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वर, जिथे झाड होतं तिथल्या रिकाम्या हवेत, पोपट गोल गोल फिरत होते. त्यांना फांदी सापडत नव्हती. तोडलेल्या निंबाचा तो कडू, ओला वास सगळीकडे भरला होता. अक्का समोर बघत बसली होती, जणू कुणाची वाट पाहत होती.

“अक्का, करायचं ना सुरू?” मी विचारलं.

“ह्यो कुटनं जानार, त्ये बगतीया.”

“सरळ तर वाट आहे.”

“तुमाला सरळ हाय. तुमी पायानं चालताय. ह्येला पाय हायत का?” मग माझ्या हातातल्या टेपकडे बघून म्हणाली, “टेपवाले, तुमचं झालं का मोजून? मग त्या बांदावर जावा. हितं कोन उबं ऱ्हायचं न्हाय.”

तेव्हापासून मी टेपवाले झालो. तिने माझं नाव कधी विचारलं नाही.

तिचं काम एकदा नीट पाहिलं की घाई विसरायला व्हायची. एका फाडलेल्या लोखंडी बॅरलचा अर्धा तुकडा ती बरोबर बाळगायची. ओंडक्याचं पुढचं टोक पहारीने किंचित उचलून त्या तुकड्यात बसवायची, म्हणजे ते जमिनीत न घुसता घसरत येतं. याला ती ‘चप्पल’ म्हणायची. “आदी चप्पल घाला त्येला.” मग साखळीचा फास ओंडक्याच्या गळ्यात. साखळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागे अगदी खालच्या पट्टीला, गुडघ्याच्याही खाली. वर बांधायला सोपं असतं, वाकावं लागत नाही. पण ती दर वेळी मातीत गुडघा टेकून खालीच बांधायची. साखळीवर ओलं गोणपाट टाकायची, कारण साखळी तुटली तर ती सापासारखी उसळून येते आणि गोणपाट तिला खाली पाडतं. मग पायाने मातीत एक रेघ ओढायची. सगळ्यांनी रेघेच्या अलीकडे. शेताचा मालक असला तरी अलीकडे.

आणि मग ते सुरू व्हायचं. साखळीची एकेक कडी सरळ होत जायची, गोणपाट हळूच उचललं जायचं, ओंडका जागा झाल्यासारखा जरा हलायचा आणि निघायचा. कुठे धक्का नाही, खडखडाट नाही. तुरीच्या पिवळ्या फुलांमधून ते एवढं थोरलं खोड पाण्यातून होडी जावी तसं जायचं. मी बांधावर उभा राहून बघत राहायचो. सॉ मिलच्या पात्याचा आवाज दिवसभर डोक्यात असायचा. तो त्या वेळेपुरता थांबायचा. मला आठवतंय, एकदा मी आकडा लिहायला वही उघडली आणि तशीच मिटली. ओंडका दिसेनासा झाल्यावर लक्षात आलं की लिहिलंच नाही.

पुढे रस्ता रुंद करायचं काम निघालं. कडेच्या जुन्या चिंचा एकामागून एक उतरवल्या. त्यातलं एक खोड ओढ्याच्या वरच्या उतारावर आडवं पडलं होतं. खाली दगडगोट्यांचा ओढा, वर सपाट जागा. अक्काने ट्रॅक्टर वर सपाटीला लावला, तोंड ओढ्याच्या उलट दिशेला. खोडाच्या खालच्या अंगाला दोन मोठे दगड लावले. साखळी बांधून ती ट्रॅक्टरवर जाऊन बसली, साखळी अजून ताणली नव्हती. ठेकेदाराचा एक माणूस मोटारसायकलला टेकून सारखा घड्याळ बघत होता. “आणखी चार खोडं आहेत आज, कळलं ना?” तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा.

मी माझं मोजून वर आलो होतो. वही पाहिली तर घेराचा आकडा काही जुळेना. चिंचेचं एवढं खोड आणि घेर इतका कमी? मी कुणाला काही न सांगता पुन्हा उतरलो. खोडाखालून टेप घालायचा तर त्यातला एक दगड नेमका आडवा येत होता. आता घेर घेऊन लगेच लावतो, असं मनाशी म्हटलं आणि बुटाने तो बाजूला सारला.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. खोड माझ्याकडे वळलं. किती शांतपणे वळलं! झोपेत कुणी कूस बदलावी तसं. वरून अक्काचा आवाज आला, “जिगी!” कन्नडमध्ये ‘उडी मार’. तो शब्द मला तेव्हा माहीत नव्हता, पण माझ्या अंगाला माहीत असावा. मी कडेला झेप घेतली आणि काट्यांत पडलो. साखळी खाडकन ताणली गेली. वर बघतो तर ट्रॅक्टर मागे मागे येतोय. अक्का ब्रेकवर जवळजवळ उभी होती. चाकं फिरत नव्हती, तशीच घसरत होती, मातीत दोन खोल चाकोऱ्या पडत होत्या. ट्रॅक्टरचं तोंड मात्र खालीच राहिलं. एका टोकाला साखळीने धरलेलं खोड गर्रकन फिरलं, दुसरं टोक ओढ्यावर अधांतरी आलं, आणि सगळं थांबलं.

उतार सुरू होतो तिथून मागची चाकं हातभर लांब होती.

“टेपवाले,” अक्का हाक मारत होती. आवाज नेहमीसारखाच. “लागलं का?”

“नाही.”

“मग वर या. दगडं आना. चाकाच्या मागं लावा. एकेक.”

मी दगड आणत होतो आणि ती मान वळवून सांगत होती, हितं, आजून आत, आता त्या अंगाला. चार दगड लावून झाले तरी ती उतरेना. मी म्हटलं, अक्का, उतरा आता. ती म्हणाली, “पाय निगंना वो.” ब्रेकवरचा तिचा पाय ताठ झाला होता. शेवटी मी दोन्ही हातांनी तो उचलला, तेव्हा ती खाली आली आणि ट्रॅक्टरच्या सावलीत बसली.

“उडी का नाही मारलीत?” मी विचारलं.

“तुमी खाली हुता की.”

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस तावातावाने आला. “म्हणून सांगत होतो, बाईमाणसाचं काम नाही हे! दगडसुद्धा नीट लावता येत नाही!” त्याने तिथूनच आमच्या मालकांना फोन लावला. बाईने दगड नीट लावला नव्हता, माणूस मेला असता, उद्यापासून दुसरा ट्रॅक्टर पाठवा.

मी तिथेच उभा होतो. अंगात काटे होते, हातात टेप होता. अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वही उघडली आणि वहीत बघत राहिलो.

लोकहो, माणसाचं व्यक्तिचित्र काढताना आपलंही एखादं चित्र मध्ये येतं. ते पुसून टाकता आलं असतं. पण मग अक्का कशी होती ते तुम्हाला अर्धंच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पूजा आटोपून गादीवर बसायच्या आधीच मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, दगड अक्काने नीट लावला होता. मी काढला. त्यांनी हातातली किल्ली गादीवर ठेवली. मग म्हणाले, “मग काल का नाही बोललास?”   त्यांनी ठेकेदाराला माझ्यासमोर फोन करून जे होतं ते सांगितलं आणि मला म्हणाले, “तिला जाऊन तूच बोलावून आण.”

अक्का अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून नवऱ्याला आत चहा टाकायला सांगितलं. त्या घरात चहा तोच करायचा, फार चांगला करायचा.

“मालकांना सांगितलं मी,” मी म्हणालो. “दगड मी काढला म्हणून.”

“मला ठावं हाय की. मी वरनं बगत हुते.”

“मग काल तुम्ही का नाही बोललात?”

ती एक मिरची उलटी करून ठेवत म्हणाली, “मी बोलले आसते तर भांडान लागलं आसतं. तुमी बोलला, काम झालं.” मग पुढची मिरची उचलत, “येक रात लागली तुमाला. लागू द्या. कुनाला जलम लागतो.”

चहा पिताना तिने तिच्या भावाचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. थोरला भाऊ, माहेरी, कुणाचा तरी ट्रॅक्टर आणून बाभळीचं खोडकं ओढत होता. खालच्या पट्टीत चिखल बसला होता, म्हणून साखळी वर बांधली. खोडकं मातीत अडकलं, ट्रॅक्टरचं तोंड उचललं. “घोडं उबं ऱ्हातंय बगा, तसं. मी भाकरी घिऊन बांदावर पोचले हुते.” भाऊ त्याच्याखाली गेला. मिरच्यांवरून वारा गेला आणि आम्ही दोघंही शिंकलो.

“बैलाला त्यो निदान, निदान म्हनायचा,” ती म्हणाली. “बैलाला कळायचं. ट्रॅक्टरला काय कळतंय? मी मलाच म्हनते.”

त्यानंतर मी तिच्याबरोबर आणखी तीन वर्षं काम केलं. ठेकेदाराचा तो माणूसही पुढे तिच्या रेघेच्या अलीकडे उभा राहायला शिकला. एकदा तर त्याने दुसऱ्या कुणाला दरडावून अलीकडे ओढलेलं मी पाहिलं. अक्का त्याला काही म्हणाली नाही. फक्त त्या दिवशी डबा सोडला तेव्हा त्याच्या हातावर शेंगाची पोळी ठेवली.

रस्त्याच्या कामात अक्काच्या स्वतःच्या बांधावरचा कडुनिंबही गेला. तो सॉ मिलला द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं. तरी मला बोलावणं आलं.

“मोजा की.”

“द्यायचा नाही तर मोजून काय करायचं?”

“मोजा तर.”

मी घेर घेतला, लांबी घेतली, आकडे सांगितले. तिने ते ऐकून मान हलवली, जणू मुलीची उंची विचारली होती. मग म्हणाली, “वय किती आसंल?”

ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर मी बोट फिरवलं. काही झाडांना वर्षाच्या कड्या स्पष्ट असतात. कडुनिंबात त्या धुरकट असतात, एकीत एक मिसळलेल्या. मी म्हटलं, “अक्का, निंबाचं वय असं कळत नाही.”

“बरं हाय,” ती म्हणाली. “सगळंच कशाला कळाया पायजे.”

मग तिने तो ओंडका विहिरीपाशी नेला. पायी चार मिनिटांची वाट. आम्हाला अख्खी सकाळ लागली. तिने मला रेघेच्या अलीकडे ठेवलं नाही. दूर पुढे चालायला लावलं, वाटेतले दगड उचलत. थंडीचे दिवस होते. ज्वारी कमरेला आली होती, पानांवर दव होतं. मागून ट्रॅक्टरचा तो संथ, एकसुरी आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की ही वाट संपू नये, ज्वारी अशीच दोन्ही बाजूंना राहावी, मी एकेक दगड उचलत राहावा. विहिरीपाशी ओंडका ठेवल्यावर तिने दोन्ही अंगांना दगड लावले, ते हलवून पाहिले, पुन्हा हलवून पाहिले. मग नवऱ्याला हाक मारली. तिघं त्यावर बसून चहा प्यालो.

एके दिवशी मालक म्हणाले, अक्काने काम सोडलं. मी तडक वळसंगला गेलो. ट्रॅक्टर विकायला काढला होता. अक्का म्हणाली, “परवा साखळी बांदताना दोन कड्या दिसल्या. हुती येकच.” एवढंच कारण. डोळ्यांत मोतीबिंदू होता, शस्त्रक्रिया झाली की दिसेल, असं डॉक्टर म्हणत होते. पण तिने ठरवलं होतं. तिच्या हातून कधी काही झालं नव्हतं. होण्याच्या आधीच ती उतरली.

पुढे मीही सॉ मिल सोडली आणि शहरात एका फर्निचरच्या दुकानात लागलो. दोन वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका दुपारी, डोळ्यांच्या दवाखान्यासमोर अक्का दिसली. काळा मोठा चष्मा, पायरीवर उन्हात बसलेली. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आदल्या दिवशी झाली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, “अक्का.”

“टेपवाले!” ती आवाजाच्या दिशेला हसली. “बसा. ऊन चांगलं हाय.”

नवरा गेल्या साली वारला, ती म्हणाली. आता मुलीकडे, कर्नाटकात इंडीला असते. मुलगी औषधं आणायला गेलेली. नातू कन्नड शाळेत जातो, आजीच्या मराठीला हसतो. मी माझं थोडं सांगितलं.  शेजारच्या भिंतीवर एक मांजर झोपलं होतं आणि रस्त्यावरचा सगळा गलबला फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

रिक्षा पलीकडे मिळणार होती. मुलगी औषधांची पिशवी घेऊन पुढे गेली, मी अक्काला घेऊन रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत तिचा हात मी पहिल्यांदाच हातात घेतला. मला वाटलं होतं, खरखरीत, जड असेल. तो अगदी लहान होता, उन्हाने कोमट झालेला, आणि त्याने माझं बोट लेकरासारखं घट्ट धरलं होतं.

त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, मुलीचा फोन आला. आई झोपेतच गेली, म्हणाली.

मला ती त्या रिक्षात दिसते. रिक्षा सुरू झाली तेव्हा अक्काने निरोपाचा हात वर केला, पण मी होतो त्याच्या उलट्या बाजूला. तिथे एक पेरूवाला हातगाडी लावून उभा होता. त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग पेरू खाली ठेवला आणि रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिला हात हलवत राहिला.